कृपयाबाईंचा आवाज

"माझी मुलगी माझ्यापासून काही म्हणजे काही लपवत नाही!" कृपयाबाईंनी शाळेचा हॉल दणाणून सोडला. "मी तिची आई कमी आणि मैत्रीण जास्त! तिच्या फोनमध्ये काय चाललंय ते तिच्याआधी मला कळतं!"

पालकसभेचा विषय होता 'मुलं आणि मोबाइल'. सायबर पोलिसांतून आलेल्या मॅडम स्टेजवर होत्या. शेजारी पालक संघाचे अध्यक्ष बसले होते. सभा त्यांनीच भरवली होती, त्यामुळे ते सगळ्यात जास्त मान डोलावत होते.

कृपयाबाईंना माइक लागत नसे. बसस्थानकावर अनाउन्सर म्हणून त्यांची हयात गेली होती. 'कृपया'शिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नसे. घरीसुद्धा 'कृपया ओला टॉवेल पलंगावर टाकू नये'. नवरा लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर. तो घरी कधी येणार हे त्या वेळापत्रकात बघत. त्यामुळे घरात दोघीच. एक बाई आणि दुसरी नववीतली बिट्टी.

"बाकीच्या पालकांनी कृपया माझ्याकडून शिकावं," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला.

"कृपया लक्ष द्या. बिट्टी... ही गाडी... नेहमीप्रमाणे... उशिरा धावत आहे. प्रवाशांनी... वाट पाहू नये."

मागून ढोलताशासारखा धडधडाट आणि शेवटी "मिक्स बाय डीजे!"

आवाज कृपयाबाईंचा. शब्द कृपयाबाईंचे. बिट्टीसुद्धा कृपयाबाईंचीच.

हॉलमध्ये खसखस पिकली आणि एकदम थांबली. फोन अध्यक्षांचा होता. तो काही केल्या बंद होईना. अध्यक्षांनी तो खिशात कोंबला, मग त्यावर बसून पाहिलं. गाडी उशिराच धावत राहिली.

"रिंगटोन आहे हो," अध्यक्ष घामाघूम होत म्हणाले. "कुणीतरी पाठवली. मजेशीर वाटली म्हणून ठेवली. कुणाची आहे ते काही..."

"तुम्हाला पण आली?" एक आई शेजारणीच्या कानात म्हणाली. "मला तर तीनदा आली."

कृपयाबाई खाली बसल्या. खुर्ची जरा डावीकडे होती, त्यामुळे पुन्हा उठून नीट बसल्या.

घरी बिट्टी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"बिट्टे!"

बिट्टी उठून बसली. मग सगळं बाहेर आलं. मागच्या महिन्यात रिलेमध्ये तिच्या हातून बॅटन निसटलं, वर्ग शेवटचा आला. त्याच संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर ही क्लिप आली. आता ती वर्गात पाऊल टाकते न टाकते तोच कुणीतरी वाजवतं. जिन्यात वाजवतात. डबा खाताना वाजवतात. तिने सरावाला जाणं सोडलं होतं. शनिवारी शाळेच्या शर्यती होत्या आणि तिने बूट कपाटाच्या मागे टाकून दिले होते.

"पण त्यांना 'बिट्टी' कुठून मिळालं? हे तर घरातलं नाव."

बिट्टीने आईकडे नुसतं पाहिलं.

बाईंना आठवलं. बिट्टी रोज स्थानकावरूनच शाळेची बस पकडायची. एकदा ती डबा विसरली, तेव्हा बाईंनी खुशाल जाहीर केलं होतं, 'बिट्टी, कृपया चौकशी खिडकीतून आपला डबा घेऊन जावा'. अख्ख्या स्थानकाने ऐकलं होतं. रांगेतल्या कुठल्याशा कार्ट्याने रेकॉर्डही केलं असणार.

"अगं पण मला सांगायचं नाहीस? आई ना मी तुझी?"

"दुसऱ्या कुणाच्या आवाजात असतं ना," बिट्टी म्हणाली, "तर पहिली तुझ्याकडेच आले असते."

बसस्थानकावर वीज गेली तरी कृपयाबाई खिडकीतून ओरडून गाड्या सोडायच्या. पण आता त्यांनी फक्त बिट्टीचा पाय चेपायला घेतला. तोही चुकीचा, दुसराच दुखत होता, पण बिट्टीने तो तसाच आईच्या मांडीवर ठेवला.

मग बाईंना चेव आला. "उद्या सकाळी पहिल्या गाडीच्या आधी जाहीर करते! कोण तो डीजे, बघतेच!"

"आई, प्लीज! तू माइकपासून लांब राहा!"

शेवटी सायबरवाल्या मॅडमनी सांगितलं होतं तसं करायचं ठरलं. काही पुसायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट काढायचे आणि वर्गशिक्षिकेकडे जायचं. "स्क्रीनशॉट मी काढते," बाई म्हणाल्या, "बटणं दाबण्यात जन्म गेला माझा." त्यांनी बटणं दाबली. वर्गाच्या ग्रुपवर कंबर हलवत नाचणारं मांजर गेलं.

"आई!!"

"अगं, परत बोलाव त्याला!"

मांजराला चाळीसएक हसरे चेहरे आले. बिट्टीने फोन ओढून घेतला आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिला हसू फुटलं. स्क्रीनशॉट मग तिनेच काढले.

वर्गशिक्षिकेला गुन्हेगार शोधायला फार डोकं खाजवावं लागलं नाही. त्याने क्लिपवर स्वतःचीच सही ठोकली होती. नववीतला डीजे म्हणजे शाळेच्या कार्यक्रमांना स्पीकर लावणारा, सदानकदा कानात इअरफोनची बोंडकं घातलेला मुलगा. अध्यक्षांचा मुलगा!

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष त्याला बखोटीला धरून अनाउन्समेंटच्या काचेच्या खोलीत घेऊन आले. खोली एवढीशी. तिघं उभे राहिले की दार लागत नसे. त्यांना जागा करून द्यायला बाई टेबलावर रेलल्या आणि त्यांचं कोपर नेमकं माइकच्या बटणावर टेकलं.

"बोल!" अध्यक्ष म्हणाले. "बोल त्यांना!"

बाहेर बारा फलाटांवर 'बोल! बोल त्यांना!' घुमलं.

"सॉरी काकू," डीजे म्हणाला. "मला फक्त बीट भारी वाटला होता. मला वाटलं ती पण हसेल. नंतर सगळे हसायला लागले, मग मला थांबवताच येईना." आणि तो भोकाड पसरून रडायला लागला.

"रडू नकोस रे. आणि तुम्ही हो, अध्यक्ष, सभेत 'कुणीतरी पाठवली' म्हणालात! स्वतःच्या मुलाचं ते खुशाल रिंगटोन म्हणून लावलंत?"

"मला वाटलं, पोरगं संगीतात पुढे जाईल!"

बाहेर प्रवासी जागच्या जागी थांबले होते. एक ड्रायव्हर पाय पायरीवर ठेवून ऐकत होता, त्यामुळे त्याची गाडी सुटेना आणि तिच्या मागच्या पाच अडकल्या. कंट्रोलर साहेब धावत आले, काचेवर थापा मारत ओरडू लागले. बाईंना वाटलं ते नमस्कार करताहेत. त्यांनीही हात जोडले.

"माइक! बाई, माइक!"

बाईंनी कोपर उचललं. मुलाचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

संध्याकाळपर्यंत व्हायचं ते झालं. कुणीतरी फलाटावरून रेकॉर्ड केलं होतं. 'सॉरी काकू', मग हुंदका, मग ढोल, पुन्हा हुंदका. बिट्टीच्या फोनवर ते पाच जणांनी पाठवलं. 'बघ, आता हसायचा तुझा नंबर!' असंही एकाने लिहिलं.

बाईंनी एकदा ऐकलं. त्यांना हसू आलं, नाही असं नाही. "बरी जिरली," त्या म्हणाल्या.

बिट्टी हसली नाही. "आई, उद्या हा वर्गात येणार नाही."

"न येऊ दे. दोन दिवस."

"दोन दिवस नसतं गं ते. मला माहितीये." तिने ग्रुप उघडला आणि टाइप करत मोठ्याने वाचलं. "हे ज्याने ज्याने पाठवलंय, त्यांची नावं मी उद्या मॅडमना देणार आहे. माझ्या वेळी दिली तशीच. ज्यांना पुसायचंय त्यांनी आत्ता पुसा."

"अगं, तुझ्यावरच उलटतील!"

"उलटू देत." तिने पाठवलं. दोघी फोनकडे डोळे लावून बसल्या. बराच वेळ काही नाही. मग एक मेसेज पुसला गेला. मग दुसरा. मग पटापट! बाईंनी शेवटची गाडी वेळेवर सुटल्यासारखी टाळी वाजवली.

सकाळी बाई उठल्या तेव्हा बिट्टी कपाटामागे हात घालून बूट ओढत होती. बूट येईना. दोघींनी कपाट सरकवलं. बूट मिळाले.

शनिवारी अध्यक्षांनी, चेहरा दाखवायला जागा मिळावी म्हणून असेल, शर्यतींची घोषणा करायला कृपयाबाईंनाच बोलावलं. स्पीकर लावायला अर्थात डीजे. तो बाईंच्या पायाशी वायरी जोडत बसला होता. बिट्टीने आईला बजावून ठेवलं होतं, "फक्त चेस्ट नंबर म्हणायचा. नाव घ्यायचं नाही. काहीही झालं तरी."

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"नाही," बिट्टी म्हणाली आणि ट्रॅककडे पळाली.

रिले सुरू झाली. बिट्टी शेवटच्या टप्प्यावर उभी होती. बॅटन येताना बाईंनी श्वास रोखला. डीजेनेही वायर हातात तशीच धरून ठेवली. बॅटन हातात आलं. राहिलं! बिट्टी तिसरी होती. वळणावर दुसरी झाली.

"चेस्ट नंबर अकरा आता... चेस्ट नंबर... अरे देवा... बिट्टी! पळ! पळ गं माझे बाई! मागे बघू नकोस! पळ!"

मैदान हसलं. पण बिट्टीने मागे बघितलं नाही. मैदानही मग ओरडायला लागलं, "बिट्टी! बिट्टी!" आणि सगळ्यात मोठा आवाज पायाशी बसलेल्या वायरवाल्याचा.

बिट्टी पहिली आली. थांबायचं मात्र तिला सुचलं नाही. रेषेपुढे जाऊन ती स्पीकरच्या खांबाला धडकली. तिचा गुडघा खरचटला. खांब बाईंच्या टेबलावर पडला आणि माइक मोडला. उरलेल्या शर्यती शिट्टीवर घेण्यात आल्या.