उजवीकडची गाठ

सरकीत ओल किती आहे, हे सांगायला कचरूलाल शेठना मशीन लागत नसे. जालन्याच्या मोंढा बाजारात पोत्यात हात घालायचा, चार दाणे तोंडात टाकायचे, दाताखाली कटकन फोडायचे आणि भाव सांगायचा. मुलाने, अंकितने, ओल मोजायचं यंत्र आणलं, तर शेठजींनी ते कपाटावर टाकून दिलं. माणूस हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

तर हे शेठजी पाच महिने खोकत होते. ताप यायचा, औषधाने जायचा, पुन्हा यायचा. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा अंकितने त्यांना जबरदस्तीने मोठ्या शहरात नेलं. स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या नळीत गाठ दिसली. तिथले सर्जन म्हणाले, फुप्फुसाचा खालचा भाग काढावा लागेल असं दिसतंय. पण आधी दुर्बीण घालून गाठीचा तुकडा तपासून घ्या, ते जालन्यातही होतं. जालन्यातल्या मस्तगडच्या घरी परतल्यावर शेठजी बायकोला, तारादेवींना, हळूच म्हणाले, "कॅन्सर निघाला तर मी छाती कापू देणार न्हाई. पोराला सांगू नको." त्या दिवसापासून तारादेवींना अन्न गोड लागेना.

दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टर रेणुका मूळच्या तीर्थपुरी गावच्या. वडील रायभान अजून मेंढ्या वळतात. त्यांच्या मेंढ्यांची पेंड शेठजींच्याच दुकानातून जायची आणि बापाबरोबर आलेली ही पोर पोत्यावर बसून पाय हलवायची. ती आता आपल्या छातीत काय डोंबल बघणार, असं शेठजींना वाटलं. तोंडाने मात्र ते गोडच बोलले.

"काका, दाणा, सुपारी, असं काही घशात अडकल्तं का कधी?" रेणुकाने विचारलं.

"बिलकुल न्हाई. चाळीस वर्सं झाले सरकी चावून राह्यलो मी."

दिवाळीआधी भर मोंढ्यात हसता हसता असा ठसका लागला होता, की डोळे पांढरे झाले आणि हमालाने पाठीत बुक्के घातले. पण ती फजिती शेठजी कशाला सांगतील?

मोनिका नावाच्या नर्सने घशात बधिर करायचा फवारा मारला, थोडं गुंगीचं औषध दिलं आणि दातांत प्लॅस्टिकची कडी बसवली. आता बोलायचं नाही, त्रास झाला तर हात वर करायचा. शेठजींना खरी शिक्षा हीच होती. करंगळीहून बारीक, हवी तशी वळणारी काळी नळी आत गेली आणि बाजूच्या पडद्यावर त्यांची स्वतःची श्वासनळी दिसू लागली, गुलाबी आणि ओली.

"खोकला येईल, येऊ द्या. आता उजवीकडं वळून राह्यले मी," रेणुका सांगत होती. एक फाटा गेला, दुसरा गेला आणि पुढे लालभडक मांसाचा गोळा वाट अडवून बसलेला दिसला. शेठजींना तारादेवींची आठवण झाली.

रेणुकाने इवल्या चिमट्याने तुकडा घेतला. रक्त आलं, पडदा लाल झाला. तिने घाई केली नाही. गार औषध सोडलं, वाट पाहिली, रक्त ओढून घेतलं आणि मग ती पडद्याकडे वाकली. मांसाखाली काहीतरी काळपट, कडक दिसत होतं.

"मोनिका, जाळी दे."

नळीतून तारांची बारीकशी जाळी आत गेली. ती निसटली. पुन्हा टाकली, पुन्हा निसटली. ऑक्सिजनचा आकडा उतरला, यंत्र पीं पीं करू लागलं आणि शेठजींचा हात वर गेला.

रेणुका तिथल्या तिथे थांबली. नळी मागे घेतली, ऑक्सिजन वाढवला.

"काका, ही कॅन्सरची गाठ वाटत न्हाई मला. आत काहीतरी रुतलंय, त्याच्याभवती मांस वाढलंय. तुम्ही म्हणाल तर आत्ता बाहेर येते. पण मंग त्याच्यासाठी ऑपरेशन लागंल. दोन मिनिटं अजून दिली तर मी काढून बघते. नको असलं तर हात तसाच ठेवा."

दुसऱ्याच्या मालावर विश्वास ठेवायचा नाही, हाच ज्याचा जन्मभराचा धंदा, त्याने हात सावकाश खाली घेतला.

आकडा सावरल्यावर तिसऱ्यांदा जाळी गेली. या वेळी ती आवळली गेली, आणि नळी, जाळी, सगळं मिळून तसूतसूने बाहेर आलं. ट्रेमध्ये अर्धवट चावलेली, काळी पडलेली एक सरकी होती. शेठजींनी ती लांबूनच ओळखली. त्यांना लाज वाटली आणि लाजेहून कितीतरी जास्त आनंद झाला.

"तुकडा तपासायला पाठवते, ती रीतच आहे," रेणुका म्हणाली. "पण छाती कापायचं कारण दिसत न्हाई मला आता."

थोड्या वेळाने तारादेवी आत आल्या. शेठजींचा घसा बसला होता, तरी गप्प राहणं त्यांना जमलं नाही. "कापायचं न्हाई, तारा. चूक माझ्या दाताची होती. हिच्यासारखा हात मी उभ्या जन्मात पाह्यला न्हाई."

परक्यांसमोर कधी तोंड न उघडणाऱ्या तारादेवी रेणुकाकडे वळल्या. त्यांनी पुढे होऊन तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. नवऱ्याच्या छातीत अर्धा तास जराही न हललेला तो हात आता थरथरत होता. रेणुका ओशाळून तो मागे घेऊ लागली. तारादेवींनी थरथर थांबेपर्यंत तो सोडला नाही.