आकड्याचा क्लॅम्प

शीर दाबून धरणारा क्लॅम्प सुटला तेव्हा डॉक्टर देवकी रंगारी तुळसाबाईंची गर्भपिशवी काढत होती. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा मे महिना. नंदनवन वस्तीतल्या त्या लहानशा दवाखान्यातला कूलर नुसता घरघरत होता. क्लॅम्पच्या कड्यांजवळच्या, त्याला बंद ठेवणाऱ्या खाचा झिजल्या होत्या. टक् असा आवाज झाला आणि जखम रक्तानं भरली. देवकीनं हात आत घातला, अंदाजानंच शीर चाचपली आणि दोन बोटांत घट्ट धरली. रक्त थांबलं.

आता दुसरा क्लॅम्प लावायचा म्हटलं तरी नीट दिसत नव्हतं. शिरेला लागूनच किडनीकडून येणारी लघवीची नळी जाते; तीच चिमटीत सापडली तर किडनी जाणार. नळी बाजूला करून द्यायला दुसरा सर्जन हवा होता, आणि तिचे वरिष्ठ गोपाळराव कामठीला गेलेले. सिस्टर कौसल्यानं फोन केला.

"सर निघाले, मॅडम. पण रेल्वे फाटक बंद असलं तर वेळ लागेल."

देवकी वाकलेली होती तशीच राहिली. पाठ सरळ करता येईना. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला. कौसल्यानं पुसला, तो पुन्हा आला.

भूल फक्त पोटापासून खाली होती. पडद्याच्या पलीकडून तुळसाबाई बोलल्या, "डॉक्टरीणबाई, काहून चूप झाल्या जी?"

"काही नाही. थोडं थांबावं लागतंय."

"मले बी हालता येऊन नाही राहिलं. पाय कुठी गेले समजतच नाही." थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "जास्तच झालं का जी? खरं सांगा."

देवकीला खोटं सुचेना. "एक शीर सुटली होती. मी हातात धरलीय. मोठे डॉक्टर येतायत."

"सोडू नका मंग."

"नाही सोडत."

तुळसाबाई कामठीत मागावर बसत. त्या सुनेबद्दल, तुटणाऱ्या धाग्यांबद्दल बोलत राहिल्या. मग त्यांचं बोलणं मध्येच थांबू लागलं. पोटात दुखतंय म्हणाल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सलाइनमधून औषध दिलं, तशा त्या गुंगल्या. त्या गप्प झाल्या आणि देवकीला पहिल्यांदा पळून जावंसं वाटलं. बोटं बधिर झाली होती. आपण शीर धरलीय की नुसतं मांस, हेही तिला कळेना. सैल करून बघायची सोय नव्हती. तिनं डावा हात आत सरकवला आणि त्याचं एक बोट उजव्या अंगठ्यावर आकड्यासारखं अडकवलं. आता थकलेला अंगठा उघडायचा म्हटला तरी उघडला नसता.

गोपाळराव आले, हात धुऊन समोर उभे राहिले. त्यांनी नळी बाजूला काढली, शीर बांधली. "देवकी, हात काढ." तिला काढता येईना. त्यांनीच तिची बोटं एकेक करून उघडली.

तुळसाबाई वाचल्या. टाके काढून घरी गेल्या. देवकी मात्र कुठल्याही ऑपरेशनला उभी राहिली की पोट उघडताच तिचा हात आखडायचा. दोन केसेस तिनं गोपाळरावांकडे वळवल्या.

एका रविवारी ती इतवारीच्या बाजारात रुपरावांकडे गेली. ते शस्त्रक्रियेची अवजारं दुरुस्त करत. तिनं झिजलेला क्लॅम्प त्यांच्यापुढे ठेवला आणि स्वतःचं बोट अंगठ्यावर अडकवून दाखवलं. "हा बंद झाला की वरून एक आकडा पडायला हवा. मी काढल्याशिवाय निघायला नको."

रुपरावांनी बसवलेला पहिला आकडा रक्तात बुळबुळीत झाला की घसरे. दुसरा इतका घट्ट बसला की काढताना शीरच ओढली गेली असती. देवकी बकऱ्याच्या आतड्यांवर लावून बघे आणि परत इतवारीला जाई. दिवाळीनंतर एक जमला. अंगठ्यानं रेटल्याशिवाय तो हलत नव्हता.

पहिल्यांदा वापरला तेव्हा समोर गोपाळराव होते. शिरेवर क्लॅम्प बसला, आकडा पडला. देवकीचा हात मात्र कड्यांवरच राहिला.

"बसलाय तो. सोड," गोपाळराव म्हणाले.

"सर, मला नाही जमत."

त्यांनी घाई केली नाही. हातातली कात्री खाली ठेवून ते थांबले. देवकीनं मधलं बोट काढलं, मग अंगठा. क्लॅम्प जागचा हलला नाही. मोकळा हात तिनं क्षणभर छातीशी धरला, आणि मग शीर बांधायला कौसल्याकडे दोरा मागितला.