तोलबाबांची काडी

पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माझी चार वर्षांची लेक बालवाडीत तोंड उघडत नाही, म्हणून सासूबाईंनी आम्हा दोघींना ओढत आणलं होतं.

समोर तोलबाबा. दोऱ्याने मधोमध टांगलेली काडी, दोन्ही टोकांना कापूस. एक टोक पोराच्या तोंडात धरायचं, जिभेवर 'सिद्धजल' टाकायचं, काडी पुन्हा टांगायची. ओलं टोक फार झुकलं, तर जिभेवर सावली बसलेली! उपाय? पोर तीन दिवस आश्रमात, आईशिवाय.

"बोलतो का?" बाबांनी आमच्या पुढच्या बाईंना, त्यांच्या मुलाकडे बघत विचारलं.

"अहो, झोपेतसुद्धा! धाकटीसाठी आलेय, हा नुसता शेपूट."

तरी बाबांनी निळ्या झाकणाची बाटली घेऊन त्याच्याच जिभेवर थेंब टाकले. काडी जेमतेम हलली. "निर्मळ!"

मग आम्ही. "घरात पोपट, बाहेर दगड," सासूबाई म्हणाल्या.

आता बाबांचा हात लाल झाकणाकडे गेला. लेकीने तोंड वेंगाडलं. काडी एकदम कलली.

"बघ! मी म्हणत नव्हते?" सासूबाई मला म्हणाल्या.

लेक माझ्या कानाशी लागली, "आई, आंबट!"

"बाबा, बाटली का बदललीत?"

"शंकेखोर आयांमुळेच पोरं मुकी होतात, बाई!"

मी लाल बाटली उचलून चाखली. लिंबाचा रस. मग निळी चाखली. साधं पाणी.

"तुमच्या बडबड्याला देऊ दोन थेंब?" मी त्या बाईंना विचारलं.

"द्या, तेवढाच गप्प बसेल!"

नवा कापूस, तेच लिंबू. काडी झुकली. हॉलमध्ये हशा पिकला. बाबा बाटल्या पिशवीत कोंबू लागले.

काडी झुकवते ती लाळ. कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला आम्हीही हे केलं होतं. आंबटाने कुणाच्या तोंडाला जास्त पाणी सुटतं, कुणाच्या कमी. बुजऱ्या मुलींची काडी बरेचदा जास्त झुकायची, नेहमीच नव्हे. काहींचं अंग चवीने, आवाजाने, परक्या माणसाने चटकन चेततं, म्हणून ती बुजतात. तो स्वभाव आहे, बाधा नाही.

जिना उतरताना सासूबाई पुटपुटल्या, "हिचा बाप पाहुणे आले की कपाटामागे लपायचा."

"मग कुणाकडे नेलंत त्याला?"

"नेलंय कुठे! बाहेर येईपर्यंत वाट बघायची." आणि त्यांनीच नातीला कडेवर घेतलं.

आयांनो, पोर गप्प असेल तर त्याचे कान तपासून घ्या, बालवाडीच्या बाईंशी बोला, डॉक्टरांना विचारा, धीर धरा. पण त्याला आईपासून तोडून बरं करतो म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका.