बेबी ऑफ महानंदा

प्रसूतिगृहाच्या खिडकीवरच्या मुलीनं आईचं नाव विचारलं, तेव्हा आई आत होती आणि उत्तर द्यायच्या परिस्थितीत नव्हती. बाप मोटारसायकल लावायला जागा शोधत होता. बेंगळुरूत या कामाला बाळंतपणाइतकाच वेळ लागतो. त्यामुळे उत्तर दिलं भागुबाईंनी, म्हणजे बापाच्या आईनं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक आधार कार्ड काढून खिडकीत सरकवलं आणि न अडखळता सांगितलं, "महानंदा. नवऱ्याचं नाव यल्लाप्पा."

आत कळा देत होती ती सोनम. तिच्या नवऱ्याचं नाव नागराज. महानंदा ही त्यांची शेजारीण, आणि त्या घटकेला ती आपल्या घरी तीन मुलांना जेवायला वाढत होती.

कार्डावरचा फोटो कुणी पडताळून पाहिला नाही. आधार कार्डावरचा फोटो कुणासारखाच दिसत नसल्यामुळे तो कुणाचाही चालतो.

भागुबाईंनी हे घाईत केलं नव्हतं. निपाणीकडच्या आपल्या गावाहून निघतानाच त्यांनी बेत पक्का केला होता आणि महानंदाचं कार्ड आठवडाभर आधी मागून ठेवलं होतं. नागराज शहराच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर कामाला होता आणि त्याच्या दोन खोल्यांच्या घरात याआधी दोन बाळं येऊन गेली होती. दोन्ही बारशाच्या आतच गेली. डॉक्टरांनी दोन वेळा दोन वेगळी कारणं सांगितली. भागुबाईंना दोन्ही पटली नाहीत, कारण त्यांच्याकडे एकच कारण होतं आणि ते दोन्हीकडे लागू पडत होतं.

त्यांच्या गावात अशा वेळी एक रीत आहे. जिची पोरं जगत नाहीत तिचं बाळ, जिची जगली आहेत तिच्या ओटीत घालायचं. ते तिचं झालं. मग बाराव्या दिवशी सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. मरण येतं ते सोनमचं पोर न्यायला. घरात बघतं तर महानंदाचं. दुसऱ्याचं पोर न्यायचा त्याला हुकूम नसतो, म्हणून हात हलवत परत जातं. सरकारी माणूस यादीबाहेरचं काम करत नाही हे भागुबाईंनी तलाठ्यापासून वायरमनपर्यंत सगळ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. मरण त्याहून वेगळं वागेल असं मानायला त्यांच्याकडे आधार नव्हता.

गावात हे सगळं तोंडी भागतं. शहरात तोंडाला कोण विचारतो? इथं मरणसुद्धा कागद बघूनच येत असणार. म्हणून त्यांनी कागदाचाही बंदोबस्त केला.

बाळ जगलं. बाराव्या दिवशी महानंदानं कोंडा घेतला, बाळ परत दिलं, आणि कोंडा शेजारच्या गवळ्याच्या म्हशीला घातला. बापानं नाव ठेवलं शौर्य. बाळ दूध पीत होतं, वजन धरत होतं, शेजारपाजार जागा करत होतं. घरातला व्यवहार पूर्ण झाला होता. फक्त सरकारला कोंडा पोचला नव्हता.

ते कळलं जन्माचा दाखला हातात आला तेव्हा. बाळाचं नाव, बेबी ऑफ महानंदा. आई, महानंदा. बाप, यल्लाप्पा. नागराज कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते बघत राहिला. यल्लाप्पा कंपनीची बस चालवतो. आपल्याला आणखी एक मुलगा झाल्याचं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि वजन किती आहे एवढंच विचारलं.

सोनमनं मात्र त्या दिवशी भाजी करपवली. ती बी.कॉम. झालेली होती. सासूला ती आत्ती म्हणायची आणि सहसा उलट बोलायची नाही. पण त्या संध्याकाळी बोलली. मरण वाचत बसत नाही, आत्ती, वाचत असतं तर ते पत्ता चुकून कधीतरी दुसरीकडे गेलं असतं. मला माझं नाव पाहिजे.

"काय करायचंय नावाला?" भागुबाई म्हणाल्या. "पोरगं मांडीवर हाय न्हवं? का कागुद मांडीवर घेऊन बसणार हाईस?"

सोनमला कागदच मांडीवर घ्यायचा होता. पुढं शाळा, आधार, रेशन, सगळीकडे हाच दाखला लागणार, हे खरं. पण ती ते कारण पुढं करत नसे. तिचं म्हणणं एका ओळीचं होतं: मी आई आहे, तर तसं लिहा.

नोंदणीच्या कार्यालयात वल्लरी नावाची कारकून होती. बाई मायाळू होती; काम होत नाही हे ती समोरच्याला बसवून, पाणी देऊन सांगायची. सोनमच्या सीमेकडच्या कन्नडला ती हसली नाही. तिनं समजावलं की दाखल्यात दुरुस्ती होते, पण ती अक्षरांची. महानंदाची महानंदम्मा करून देता येईल. महानंदाची सोनम करता येत नाही, कारण ती चूक राहत नाही, दुसरी बाई होते.

मग महानंदानंच एक युक्ती काढली. धाकट्यानंतर तिनं ऑपरेशन करून घेतलं होतं. त्याचं सर्टिफिकेट होतं, शिक्क्यासकट. जिचं ऑपरेशन झालंय तिला मूल कसं होईल? दोघी मोठ्या आशेनं ते घेऊन गेल्या. तेव्हाच्या साहेबांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि महानंदाकडे सहानुभूतीनं पाहिलं. ऑपरेशन फसल्याचा अर्ज वेगळा असतो, म्हणाले, खाली आरोग्य खात्यात मिळेल.

त्यानंतर कुणीतरी बनशंकरी भागातल्या एका वकिलांचं नाव सुचवलं. अप्पासाहेब. त्यांच्या घराण्याला बेंगळुरूत येऊन तीन-चारशे वर्षं झाली होती आणि त्यांची मराठी तेवढ्याच अंतरावरून येत असल्यासारखी वाटे. त्यांनी सगळं ऐकलं. कोर्टात जाता येतं, म्हणाले, पण तिथं पहिल्याच पानावर लिहावं लागेल की तुमच्या सासूबाईंनी खोटी माहिती दिली, शेजारणीनं त्यासाठी कार्ड दिलं, आणि तुम्ही दुसरीच्या नावावर बाळंत झालात. म्हणजे आई व्हायच्या आधी तिघींना आरोपी व्हावं लागेल. आरोपी लगेच होता येईल. आईचं सांगता येत नाही.

दुसरा काही रस्ता?

"आहे की, अक्का. दत्तक घ्या."

सोनमला वाटलं, त्यांना कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं की बाळ तिचंच आहे.

"सरी, सरी, तुमचंच. म्हणून तर म्हणतो. महानंदाबाई देणार, तुम्ही घेणार, भांडण नाही, तंटा नाही. मुलगा दत्तक घ्यायचा तर घरात जिता मुलगा नसावा लागतो. कागदावर तुम्हाला नाही. स्वल्पसुद्धा अडचण नाही तुम्हाला."

त्यांनी हे धीर द्यायला म्हटलं होतं. सोनम उठली, बाळ खांद्यावर घेतलं आणि चप्पल घालायला लागली. नागराजनं जाता जाता वकिलांचे आभार मानले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

घरी आल्यावर भागुबाईंनी बाळ ताब्यात घेतलं. त्या त्याला तेल लावत बसल्या आणि बाळ मजेत पाय झाडत होतं. ज्या घरात एक माणूस बरोबर ठरलेला असतो आणि त्याचा सगळ्यांना फायदाच झालेला असतो, त्या घरात भांडणालासुद्धा जागा उरत नाही.

काही महिने असेच गेले. मग एके दिवशी वल्लरीचाच फोन आला. नवे साहेब आलेत. भला माणूस आहे, त्यामुळे इथं फार दिवस टिकणार नाही; बदलीचा कागद निघालाय असंही ऐकते. प्रसूतिगृहानं 'आमच्या कारकुनाची चूक' असं लिहून दिलं आणि दोन्ही बायकांनी समक्ष सही केली, तर ते करून देतो म्हणालेत. प्रसूतिगृहाला चौकशीपेक्षा चूक स्वस्त पडत होती. त्यांनी त्याच दिवशी लिहून दिलं.

नागराजला रजा मिळाली नाही. दोघी बाळाला घेऊन गेल्या. साहेबांनी सगळं चाळलं, बाळाकडे पाहिलं, सोनमकडे पाहिलं आणि सही केली. इतक्या लवकर केली की महानंदाला शंका आली. तिनंही तिची सही केली आणि मुलांची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून रिक्षा पकडून निघून गेली.

आता उरलं होतं फक्त वल्लरीनं कॉम्प्युटरवर नाव बदलणं. जुना दाखला तिनं जमा करून घेतला. सोनमला आपल्या बाजूच्या स्टुलावर बसवलं, पडदा तिला दिसेल असा वळवला, आणि सोनमचा आधार नंबर टाकला. यंत्र जरा वेळ विचार करत राहिलं. मग चार ओळी आल्या.

जन्म, बेबी ऑफ सोनम, मुलगी. मृत्यू, बेबी ऑफ सोनम. जन्म, बेबी ऑफ सोनम, मुलगा. मृत्यू, बेबी ऑफ सोनम.

"या तुम्हीच ना?" वल्लरीनं विचारलं.

सोनमनं मान हलवली. चारही ओळींत तिचं नाव होतं. नवऱ्याचं नाव होतं, पत्ता होता, पिनकोडसुद्धा. एकाही अक्षराची चूक नव्हती. कुठंही हेलपाटे न घालता, कुणाच्या सहीशिवाय, ही कामं वेळच्या वेळी झाली होती.

वल्लरीनंही त्या ओळी वाचल्या आणि तिचा आवाज खाली गेला. एवढी माणसं रोज समोर येतात, पण एकाच नंबरावर अशा चार ओळी सहसा निघत नाहीत. त्यांच्या खाली पाचवी ओळ रिकामी उघडली होती. बाळाचं नाव, शौर्य, तिनं आधीच भरलं होतं. आईच्या रकान्यात रेघ लुकलुकत होती.

"घालू ना?" ती म्हणाली.

बाळ सोनमच्या मांडीवर होतं. त्याला भूक लागली होती आणि ते तिच्या पदराची किनार तोंडात घेऊन चावत होतं. सोनम पडद्याकडे बघत होती. चार ओळी वर, एक खाली. बी.कॉम.ला तिचा विषय संख्याशास्त्र होता. त्यात काय शिकवलं होतं ते तिला सगळं आठवत होतं: दोन उदाहरणांवरून काही सिद्ध होत नाही.

"थांबा," ती म्हणाली.

वल्लरीनं बोटं उचलली. मागे रांग होती आणि रांगेतला एक माणूस खोकला. वल्लरीनं सांगितलं की साहेब परवा जाणार आहेत. त्यांच्यानंतर येणारे ही सही मानणार नाहीत. ते तिच्या ओळखीचे आहेत. आज झालं नाही तर पुन्हा होणार नाही. नीट कळलं ना?

सोनमला नीट कळलं.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. आहे तेच राहू दे."

"अहो, एवढे महिने—"

"माहितेय. राहू दे."

 काही विचारावं असं वल्लरीच्या मनात होतं, पण पडदा दोघींच्या समोरच होता. तिनं सोनमला पाणी दिलं. मग शौर्यची ओळ बंद केली, महानंदाच्या नोंदीत बाळाचं नाव तेवढं भरलं, आणि जमा केलेला जुना दाखला परत द्यायला काढला. परत द्यायचा तर रजिस्टरवर सही लागते. तिनं ते पुढं सरकवलं आणि कुठं लिहायचं ते बोटानं दाखवलं. तारीख. नाव. सही. शेवटचा रकाना, बाळाशी नातं.

बाळ आता रडायला लागलं होतं. सोनमनं उठून त्याला एका हातानं छातीशी धरलं, पदर ओढून घेतला, आणि दुसऱ्या हातानं, उभं राहूनच, शेवटच्या रकान्यात लिहिलं: शेजारीण.

वल्लरीनं ते वाचलं आणि दाखला दिला. पाजायचं असेल तर जिन्याखाली बाक आहे, म्हणाली, तिथं कुणी येत नाही.