सत्तेचाळीस नंबरची ठुशी

विमलाकाकूंचा फोन आला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. नेत्रा दुकानात जमिनीवर बसून नथींचे मोती कोरड्या मलमलीने पुसत होती.

बोळिंजमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर तिचा दहा बाय बाराचा गाळा होता. लग्नाचे खोटे दागिने भाड्याने देण्याचा धंदा ती आठ वर्षं करत होती, आणि तिचे नियम पक्के होते. परत आलेला दागिना आधी पुसायचा. मुलामा फिका पडला असेल तर त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवायचा. वाळला की बटर पेपरमध्ये गुंडाळून पिशवीत घालायचा आणि सोबत खडूचा तुकडा ठेवायचा, कारण इथली खारी हवा पितळेला आठ दिवसांत काळं करते. प्रत्येक दागिन्याला मागच्या बाजूला लाल दोऱ्याने शिवलेली नंबराची चिठ्ठी असे. नंबर सुटलेला दागिना दुकानाबाहेर जात नसे.

"नेत्रा, अगं घोळ झालाय," उमेळ्याहून विमलाकाकू म्हणाल्या. आवाज दबका होता, बहुधा स्वयंपाकघराचं दार लावून बोलत असाव्यात. "आज लॉकरमध्ये ठेवायला म्हणून ठुशी काढली. गुलाबी कागद उलगडते तर मागे तुझी चिठ्ठी. सत्तेचाळीस."

नेत्राचा हात थांबला.

"म्हणजे तुझी खोटी माझ्याकडे, आणि माझी तुझ्याकडे. घरच्या साखरपुड्याला थोरल्या सुनेला मी माझी घातली होती, धाकट्या रिद्धीला तुझ्याकडची. फोटोत दोघी सारख्या दिसाव्यात म्हणून. हॉलच्या खोलीत काढताना अदलाबदल झाली असणार. आहे ना गं तुझ्याकडे?"

"हो, आहे ना काकू," नेत्रा म्हणाली. "माझ्याकडेच आहे. काळजी करू नका."

हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप गेलं. गिऱ्हाइकाला आधी धीर द्यायचा, मग शोधायचं, ही आठ वर्षांची सवय.

"देव पावला. मग रिद्धीलाच पाठवते घ्यायला. तिनंच परत केला ना डबा." फोन बंद झाला.

नेत्रा उठली. सत्तेचाळीसचा कप्पा उघडला. रिकामा. तसा तो रिकामाच असणार हे तिला आधीच ठाऊक होतं, तरी तिने आत हात घालून पाहिलं. सकाळी साडेसात वाजता सांडोरची टिफनी, मेकअप करणारी, चार डबे घेऊन गेली होती. त्यात सत्तेचाळीस होती.

आता तिला सगळं लख्ख आठवलं. नऊ दिवसांपूर्वी रिद्धीने डबा आणून दिला तेव्हा ठुशीला चिठ्ठी नव्हती. चिठ्ठ्या सुटतात. नेत्राने सत्तेचाळीसची नवी चिठ्ठी लिहिली, लाल दोऱ्याने शिवली. ठुशी जरा मळकी, फिकी वाटली म्हणून पुढून-मागून नेलपॉलिश लावलं, आणि नवरीच्या सेटमधून काढून करवलीच्या सेटमध्ये टाकली, कारण नवरीला झगझगीत लागतं. जुनं बावीस कॅरेट सोनं तिच्या शेल्फावरच्या पितळेपुढे फिकं दिसलं होतं. ठुशीचे मणी आतून लाखेने भरलेले असतात, त्यामुळे वजनावरूनही काही कळलं नाही. दागिन्यांवर पोट असलेल्या बाईला सोनं हातात घेऊन ओळखता आलं नाही, आणि वर तिने स्वतःच्या हाताने त्याला खोट्याचा नंबर दिला होता.

टिफनीने चौथ्या रिंगला फोन घेतला. मागे बेंजो वाजत होता.

"टिफनी, सत्तेचाळीस कुणाच्या गळ्यात आहे?"

"सत्तेचाळीस काय मैत्रिणी, इथं चारशे गळे आहेत. काय झालं?"

"ठुशी. करवलीच्या सेटमधली."

"ती होय. रीमाला घातली. नवरीची चुलत बहीण. का? तुटलेली दिलीस की काय? मला सांगू नको हां, माझ्याकडे अजून दोन काकूंचे अंबाडे बाकी आहेत."

"कुठे आहात तुम्ही?"

"कोपरीला. मांडवातच. ये जेवायला, माणसं मोजत नाहीत इथं."

नेत्राने शेल्फावरची सगळ्यात झगझगीत ठुशी, बावन्न नंबरची, पर्समध्ये टाकली, शटर ओढलं आणि रिक्षाला हात केला. उड्डाणपुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. ती सीटच्या कडेवर बसून राहिली, जणू मागे टेकलं तर रिक्षा आणखी हळू जाईल. रिद्धी उमेळ्याहून निघाली असेल. अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात ठुशी बदलून परत यायचं, नेलपॉलिश रिमूव्हरने पुसायची, हातात द्यायची. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

कोपरीच्या मांडवात मुहूर्ताची वेळ टळून गेली होती. बेंजोपुढे बायका नाचत होत्या आणि सगळ्यात पुढे रीमा होती. वीस-एकवीसची, घामाने डबडबलेली, गळ्यात विमलाकाकूंची ठुशी. दर उडीला ठुशी उडत होती आणि गळ्यावर आपटत होती. नेत्राची नजर मागच्या दोऱ्यावर खिळली. तो दोरा जुना होता. नवा घालायला हवा, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं आणि तिने तो घातला नव्हता.

गाणं संपल्यावर तिने रीमाला गाठलं.

"मी दागिनेवाली. अगं, ही ठुशी फिकी आहे, चुकून आली. तुझ्यासाठी ही नवी आणलीय बघ."

रीमाने बावन्न नंबर उन्हात धरली, डोळे बारीक केले आणि परत दिली.

"नको ताई. ही लय चमकते. भाड्याची आहे ते लांबून कळतं."

"फोटोत चांगली दिसेल."

"हीच चांगली दिसते. आत्याने विचारलं, कोणत्या सोनाराकडून केलीस. मी म्हटलं, गुपित आहे." ती हसली. "अख्खं गाव जळतंय. आता बदलली तर सगळे ओळखतील ना!"

नेत्राच्या ओठांवर आलं होतं, की पोरी, ती खरी आहे. तिने ते गिळलं. चारशे माणसांत खरं सोनं आहे हे एकदा बोललं की त्या मुलीचं धाबं दणाणणार, आणि पुढे एखादा मणी जरी कमी निघाला तरी बोट तिच्याकडे वळणार. हे कारण खोटं नव्हतं. पण तेवढंच कारण होतं असंही नव्हतं.

"बरं, मग कार्य झाल्यावर काढून दे. मी थांबते."

"कार्य झाल्यावर कशी देऊ? मी पाठराखीण आहे. नवरीबरोबर भिवंडीला जाणार. टिफनीला उद्या देते म्हणून सांगितलंय."

बेंजो पुन्हा सुरू झाला. रीमाला कुणीतरी ओढून नेलं.

नेत्रा खुर्चीवर बसली, उठली, दुसऱ्या खुर्चीवर बसली. टिफनी तोंडात पिना धरून जवळ आली. "तुझं काय चाललंय? माझ्या करवलीकडे अशी काय बघतेस? सासू बघते तशी."

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्या बाईचा चेहरा असा नसतो."

फोन वाजला. रिद्धी.

"ताई, मी दुकानासमोर आहे. शटर बंद आहे. आई म्हणाल्या तुम्ही आहात."

"आलेच. जरा बाहेर आलेय. दहा मिनिटं."

दहा मिनिटांत ती मांडवाच्या दारापर्यंतही गेली नाही. रीमा आता जेवणाच्या पंगतीत ताटं वाढत होती, वाकली की ठुशी पुढे लोंबायची. पुन्हा फोन. या वेळी विमलाकाकू.

"नेत्रा, एक विचारते, खरं सांग. रिद्धीनं तुला डबा परत केला होता ना?"

"केला होता की, काकू."

"तुझ्या हातात? तू उघडून बघितलास?"

"हो."

"मग तू दुकानात का नाहीस? ती म्हणते शटर बंद आहे. इकडे थोरली काही बोलत नाही, पण तोंड बघवत नाही तिचं. ह्यांनी तर सरळ विचारलं, धाकटीनं मध्ये काही केलं नाही ना म्हणून. घरात अशी गोष्ट कधी झाली नाही गं."

"काकू, मी... येतेच."

तिने फोन पर्समध्ये टाकला. सकाळी ती एक वाक्य बोलली होती, माझ्याकडेच आहे. दीड तासात ते वाक्य उमेळ्याला पोचून एका सुनेच्या अंगावर शेकलं होतं, आणि ती सून बोळिंजमध्ये बंद शटरसमोर उभी होती.

"अगो, तू कोन?"

समोर एक साठीची बाई उभी होती. हिरवं लुगडं, हातात डाळीचं ओगराळं. मागे रीमा, एक हात मानेवर.

"ही माझी आजी, हंसाबाय," रीमा म्हणाली. "ताई, मागचा दोरा सैल झालाय. आजीला घट्ट कर म्हटलं तर ती काहीतरीच बोलते."

हंसाबायने ओगराळं खुर्चीवर ठेवलं. "दागिनेवाली तूच ना? चल, आत चल."

ती दोघींना घरातल्या मधल्या खोलीत घेऊन गेली, दार लोटलं आणि रीमाच्या गळ्यातली ठुशी स्वतःच्या हाताने सोडली. घामाने नेलपॉलिशचे पापुद्रे निघायला लागले होते. हंसाबायने एका मण्यावर नख फिरवलं, पापुद्रा अंगठ्यावर घेतला, मणी पुढे केला.

"वरचं निंगालं. आता खाली तांबा दिसाय पायजे का नाय? नाय दिसत. आन पोरीच्या मानंवर काला डाग बी नाय. चार तास नाचते ती." तिने नेत्राकडे बघितलं. "भाड्याची म्हनतस ना गो?"

रीमाने हात मानेवरून काढून तोंडावर ठेवला.

नेत्रा खाटेच्या कडेवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. उमेळ्याचा साखरपुडा, दोन सुना, नऊ दिवस, चिठ्ठी, नेलपॉलिश. सकाळचं वाक्यही सांगितलं, ते मात्र शेवटी.

"दुकान चालवतस आन सोनं वलखत नाय?"

"नाही ओळखलं."

"आन माझी नात नाचता नाचता ही पाडून बसली असती, तर काय म्हनाली असतीस? कोनाचं नाव घेतलं असतंस?"

नेत्राने हात पुढे केला.

"द्या, मावशी. मी नेऊन देते त्यांना."

"तुला नाय देनार." हंसाबायने रुमाल काढला, ठुशी त्यात घातली, गाठ मारली आणि कमरेला खोचली. "तू सकाली त्यांना एक सांगितलंस, आता मला एक सांगतस. जिची हाय तिला बोलाव. तिच्या हातात देन."

"लग्न चालू आहे, मावशी..."

"लगीन मी बघते. तू फोन लाव."

नेत्राने फोन लावला. विमलाकाकूंना नाही, रिद्धीला. ती अजून शटरसमोरच होती, पायरीवर बसलेली. नेत्राने एका दमात सांगून टाकलं, की ठुशी माझ्याकडे नव्हतीच, मी काकूंना खोटं बोलले.



"पत्ता पाठवा," रिद्धी म्हणाली.

ती वीस मिनिटांत आली. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत गुलाबी कागदात गुंडाळलेली नेत्राची सत्तेचाळीस नंबरची खोटी ठुशी. हंसाबायने पाणी दिलं, तिने ते उभ्यानेच प्यायलं. रुमालाची गाठ सुटली. रिद्धी ठुशीकडे बघत राहिली. हात लावला नाही.

"हीच का गो?" हंसाबायने विचारलं.

"मला काय माहीत? मी कुठे घातली होती ही? मला भाड्याचीच दिली होती." ती हसली, आणि ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. तिने फोन काढला, स्पीकर लावला.

"आई, ठुशी सापडली. कोपरीला आहे. एका लग्नघरात."

"सापडली? पावली गं बाई वज्रेश्वरी!" विमलाकाकूंचा आवाज खोलीभर झाला. "नीट आहे ना? मग असं कर, पिशवीत नको ठेवू. गळ्यात घाल, वरून ओढणी घे आणि सरळ रिक्षाने ये."

"मी नाही आणणार."

"म्हणजे?"

"मघाशी तुम्ही मला विचारलंत, डबा खरंच परत केला होतास का. बाबांनी पण विचारलं, मागून ऐकू आलं मला. आता मी ही घेऊन रिक्षात बसले आणि एक मणी कमी भरला, तर पुन्हा मलाच विचाराल. तुम्ही या आई. स्वतः बघून घ्या."

रीमा कपाटाला टेकून उभी होती, ती खाली बघू लागली. बाहेर कुणीतरी माईकवरून आहेरांची नावं वाचत होतं.

"रिद्धी..." पलीकडून आलं. मग, "येते."

नेत्रा उठली. "मी रस्त्यावर जाऊन थांबते. त्यांना घर सापडायचं नाही."

"तुम्ही बसा ताई," रिद्धी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सापडेल त्यांना. तुम्ही इथंच बसा."

नेत्रा बसली. पाऊण तास लागला. तेवढ्यात हंसाबायने ठुशी पुन्हा रुमालात बांधून कमरेला खोचली, तिघींसमोर ताटं आणून ठेवली, आणि त्यातलं फक्त रीमाने खाल्लं. रिद्धीने एकदाही फोनकडे बघितलं नाही. नेत्रा दर मिनिटाला बघत होती. दारात चप्पल वाजली की ती दाराकडे बघायची, आणि लग्नघरात चपला तर सतत वाजत असतात.

शेवटी दार ढकललं गेलं. विमलाकाकू घरच्या साडीतच आल्या होत्या, धाप लागलेली, कपाळावरची टिकली एका बाजूला सरकलेली. हंसाबायने कमरेचा रुमाल काढून पुढे केला. विमलाकाकूंनी तो बाजूला सारला.

"माझी सून कुठंय?"

रिद्धी खाटेवर बसली होती, दारामागे. ती उठली नाही.

नेत्रा मात्र उठून दोघींच्या मध्ये उभी राहिली.

"काकू," ती म्हणाली, "तिच्याशी बोलायच्या आधी माझं ऐका. सकाळी तुमचा फोन आला तेव्हा ठुशी माझ्याकडे नव्हती."