दहा कोटी सात

"अवं, सूर्य बस्तीच्या शिखरामागं गेला. निघाली का न्हाय बाकी?" भाकरी थापता थापता धोंडूबाई ओरडली.

"थांब गं! सातशे छत्तीस!" पारिसानं पेन्सिल खाली ठेवली. "तुटत न्हाय."

"मग जेवा. काल तरी कुठं तुटलावता?"

पारिसा निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत तोलार होता. साडेतीन वर्षांपूर्वी, पस्तीस साली, वखारीच्या अंगणात परशराम मास्तर ऐटीत म्हणाले होते, की आकडा जितका मोठा, तितका तो कशानं ना कशानं भागला जातोच. मास्तरांच्या प्रत्येक वाक्याला माना डोलावणारी चार माणसं तिथं होती. पारिसाला त्या मानांची किळस आली आणि तो बोलून गेला, "दहा कोटी सात न्हाय भागला जात." हाच आकडा का, हे त्याला आजतागायत कळलेलं नव्हतं.

"तोलारानं तंबाखू तोलावी," मास्तर म्हणाले. "सिद्ध कर. चारचौघांत म्हणीन, पारिसा, तुझं खरं."

त्या चातुर्मासात कुणी तूप सोडलं, कुणी गूळ. पारिसानं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुक्कामाला आलेल्या मुनी महाराजांपुढं नियम घेतला: रोज एका अविभाज्य आकड्यानं दहा कोटी सातला भागायचं, मगच जेवायचं. सूर्य बुडायच्या आत झालं नाही तर उपास. असला नियम महाराजांनी जन्मात ऐकला नव्हता. पण त्यात हिंसाही कुठं दिसेना, म्हणून त्यांनी आशीर्वाद दिला. सदतीस उपास घडले. पाचावर संपणाऱ्या आकड्यांकडं पारिसा आता ढुंकूनही बघत नसे. ते त्याला मास्तरांसारखे वाटत, लांबूनच कळणारे.

"उद्या कुणाची पाळी?" धोंडूबाईनं विचारलं.

"संपलं. धा हजाराच्या आतले समदे बाराशे एकोणतीस झाले. त्येच्या फुडं जायाची गरज न्हाय. मोठ्यानं भाग गेला असता, तर त्येच्या जोडीचा ल्हान आदीच घावला असता."

"संपलं?" तिचा हात थांबला. "मग आता सांजचं काय करणार तुमी?"

पारिसानं सवयीनं पेन्सिलीला टोक काढलं.

सकाळी तो कागदांचा गठ्ठा काखेत मारून मास्तरांच्या कट्ट्यावर गेला. मास्तर भाजलेल्या शेंगा खात होते. भोवती तीच चार माणसं.

"मास्तर, दहा कोटी सात. समद्या आकड्यांनी भागून बघितलं. न्हाय तुटत."

"नसेल तुटत," मास्तर शेंग फोडत म्हणाले. "तुटतो म्हणून कोण म्हणालं होतं?"

चार माना डोलल्या.

पारिसाच्या ओठांवर साल, तिथी, वार, सगळं आलं. पण ज्याला आठवतच नाही, त्याच्या तोंडून 'तुझं खरं' ऐकून करायचं काय? त्यानं ते गिळलं.

"त्यातला एक कागद दे रं," मास्तर म्हणाले, "टरफलं टाकायला."

पारिसानं गठ्ठा सोडला. वरचा कागद कालचा, नऊ हजार नऊशे त्र्याहत्तरचा होता. तो त्यानं बाजूला ठेवला. मग अगदी तळाचा, दोनचा कागद हुडकून काढला आणि मास्तरांपुढं नीट अंथरला. तेवढा भागाकार तोंडीसुद्धा होत होता.