चारची झोप

"टॉवेल नीट कोंब. कडेला फट राहिलीय बघ."

खारूने स्वयंपाकघराच्या दाराखालच्या फटीत ओला टॉवेल पायाच्या अंगठ्याने आत सारला. ताईने खिडकी उघडली, एक्झॉस्टचा पंखा लावला आणि एअर फ्रायरपाशी जाऊन उभी राहिली. आत चुरो नावाच्या परदेशी गोड पदार्थाचे अंगठ्याएवढे तुकडे फुगून तांबूस होत आले होते. शेवटचे काही सेकंद उरले तसं तिने भांडं ओढून बाहेर काढलं. वेळ पुरती संपू दिली असती तर यंत्राने टिंग केलं असतं, आणि ते टिंग या घराला परवडणारं नव्हतं.

"आई, आपण बँक लुटतोय असं वाटतं," खारू कुजबुजली.

"बडबड नको. साखर आण."

तुकडे आधी वितळलेल्या लोण्यात, मग दालचिनी मिसळलेल्या साखरेत घोळले गेले. दोघी मायलेकी ओट्याला टेकून उभ्याउभ्याच खायला लागल्या. पहिला तुकडा इतका गरम होता की खारू तोंड उघडं ठेवून हा हा करत गोल फिरली. तिच्या नाकाच्या शेंड्याला साखर लागली होती. ते बघून ताईला हसू फुटलं, आणि हसू दाबता दाबता तिला ठसका लागला, तेव्हा खारूने तिच्या तोंडावर चक्क हात ठेवला. पलीकडच्या खोलीत ताईचे वडील झोपले होते.

तिला सगळेच ताई म्हणत. धाकट्या भावाची ताई, म्हणून वडिलांचीही ताई, आणि ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचीही ताईच. खारूचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. दोन्ही हातांत धरून कुरतडत खायची म्हणून आजोबांनीच तिचं खारू हे नाव पाडलं होतं. ताईचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. त्यामुळे घर म्हणजे या दोघी आणि बाबा.

एअर फ्रायर खरं तर बाबांसाठी आलेला होता. तळलेल्या पदार्थाला नको म्हणणारा माणूस त्यांच्या मते आजारी तरी असायचा किंवा लबाड तरी. डॉक्टरांनी तेल बंद केलं तेव्हा ते तीन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते. म्हणून दूरच्या शहरातल्या मुलाने हे यंत्र पाठवलं आणि फोनवर बजावलं, "ताई, बाबांना बिनतेलाचं करून घाल, म्हणजे तोंड वाकडं करणार नाहीत." खोका उघडायच्या आतच बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर गिळणं गेलं. पाण्याचा घोटसुद्धा पोटाकडे जायचं सोडून फुफ्फुसाकडे वळायला लागला. हॉस्पिटलातून घरी आले ते नाकात नळी घेऊनच. त्या नळीतून दूध, गाळलेलं सूप, फळांचा रस असं मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडायचं आणि नंतर अर्धा तास त्यांना टेकून बसवायचं, हे नर्सने ताईला शिकवलं. ती लवकर शिकली. न शिकून करते काय?

खोका मात्र कपाटावर तसाच धूळ खात पडला होता. खारूने मोबाइलवर कुठेतरी चुरो बघितले आणि तो खाली काढला. पहिल्या दिवशी सगळाच गोंधळ झाला. पाणी, लोणी उकळून त्यात मैदा घोटला इथपर्यंत ठीक होतं, पण त्या कढत गोळ्यात ताईने घाईने अंडं फोडलं आणि भांड्यात गोड आम्लेट तयार झालं. दुसऱ्या दिवशी गोळा निवू दिला, अंडं घातलं, चांदणीच्या तोंडाच्या पिशवीतून पीठ दाबत कात्रीने कापत गेल्या, आणि जमलं. तेव्हापासून हे चालू झालं. ताई दुकानातून आली की दिवसभर बाबांपाशी बसणारी बाई घरी जायची. साडेतीनला बाबांना नळीतून सूप. चारला बाबांचा डोळा लागायचा. आणि चार ते पाच स्वयंपाकघराचं दार बंद.

जो माणूस थेंबभर पाणी पिऊ शकत नाही त्याच्या नाकाला दालचिनी आणि लोण्याचा वास लागू नये, असा ताईचा साधा विचार होता. ती सगळ्यांनाच तसं सांगत असे, म्हणजे मुख्यतः स्वतःला. खरी गोष्ट तिने मनातसुद्धा मोठ्याने म्हटली नव्हती. दिवसभरातला तो एक तास तिला हवा असायचा. त्या तासात कोणाची कूस बदलायची नसायची, कोणाचं डायपर बघायचं नसायचं, खारू शाळेतल्या बाईंची नक्कल करायची आणि ताई पोट धरून हसायची. दुकानातून घरी येताना तिची पावलं त्या तासाकडे पडायची, बाबांकडे नाही. हे लक्षात आलं की तिला स्वतःची किळस यायची, आणि तरीही दुसऱ्या दिवशी पावलं तिकडेच पडायची.

त्यातच मागल्या आठवड्यात ते झालं होतं.

खारू कसलीतरी गंमत सांगत होती. ताईच्या तोंडात नुकताच टाकलेला तुकडा होता. तेवढ्यात पलीकडून हाक आली. "ताई." हळू, एकदाच. खारूने आईकडे बघितलं.

"झोपेत बडबडतात," ताई म्हणाली. तिने तो तुकडा चावला. मग आणखी एक खाल्ला. मग ओठांवरची साखर पुसली, चूळ भरली, हात साबणाने धुतले, कारण वास घेऊन त्यांच्यासमोर कसं जायचं? ती खोलीत गेली तेव्हा चादर ओली झाली होती. डायपर सरकलं होतं आणि बाबा त्या ओल्यात डोळे मिटून बसले होते.

"झोपेत... झालं," ते म्हणाले. झटक्यानंतर त्यांचा एकेक शब्द ओझं उचलल्यासारखा यायचा.

"असू दे बाबा, होतं असं," ती म्हणाली आणि चादर बदलली. झोपेत झालं म्हणाले, म्हणजे हाकही झोपेतलीच. तिने स्वतःची अशी समजूत घातली, आणि समजूत बरीचशी पटलीही.

टॉवेल कोंबून चुरो खाल्ले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बाबांचा फिजिओ आला. तरुण, बोलका मुलगा. संध्याकाळी सहाला घरी येऊन बाबांचे हातपाय हलवून घ्यायचा. त्याच्या चष्म्याची काडी कानावर बसत नव्हती. ताईने चष्मा हातात घेतला आणि काडी गरम हवेच्या ब्लोअरखाली धरली. ऊब लागून प्लॅस्टिक मऊ झालं की हवं तसं वाकवायचं, रोजचंच काम.

"बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "सहाला माझा एक नवीन पेशंट लागलाय. आजोबांना मी म्हटलं, चारला येत जाऊ का? तर नाहीच म्हणाले."

"चारला झोपतात ते."

"हो ना, तेच म्हणाले. चारला झोपावं लागतं मला. मी म्हटलं, आजोबा, झोप येते असं म्हणा की. तर मान हलवली त्यांनी. म्हणाले, येत नाही. झोपावं लागतं." तो हसला. "मी विचारलं, कोणाची जबरदस्ती आहे का? तर म्हणाले, तेव्हा त्या दोघी हसतात. काय ते मला काही कळलं नाही बुवा. तुम्हाला कळलं?"

ब्लोअरखालची काडी प्रमाणाबाहेर तापली, लिबलिबीत झाली आणि तिच्या बोटांत लोंबायला लागली.

"अहो, जळतंय बहुतेक," तो म्हणाला.

दुकानातल्या इतक्या वर्षांत तिने कोणाचा चष्मा बिघडवला नव्हता. तिने त्याला नवीन काडी बसवून दिली, चुकलंच माझं असं दोनतीनदा म्हणाली, आणि त्याला वाटलं ती काडीबद्दलच बोलतेय.

घरी आल्यावर तिने सूप गाळलं. सिरिंजमधून ते नळीत उतरताना ती बाबांच्या तोंडाकडे बघेना. पाठीमागे उशा नीट केल्या. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि शहाण्या मुलासारखे डोळे मिटले. रोज ते असेच मिटत असणार. आजवर तिने ते बघितलं कसं नाही?

स्वयंपाकघरात खारू मैदा मोजत होती.

"ठेव ते," ताई म्हणाली. "आज नाही करायचं."

"का?"

"नाही म्हटलं ना. आणि हे यंत्र परत खोक्यात घाल. पुरे झाली थेरं."

"मी काय केलं?" खारूचा आवाज चिरकला.

"तू नाही गं. तू काही नाही केलंस." ताई स्टुलावर बसली. पंखा बंद होता, दार उघडं होतं आणि घर अगदी गप्प झालं होतं. खारू नाक ओढत मैदा डब्यात परत ओतायला लागली.

तेवढ्यात हाक आली.

"ताई."

या वेळी ती धावत गेली. बाबांचे डोळे टक्क उघडे होते.

"काय हवंय? ओलं झालंय का? दुखतंय का काही?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डाव्या हाताने स्वयंपाकघराच्या दिशेने बोट केलं. "आज... नाही?"

ताई पलंगाच्या कडेवर बसली. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि तिला रडूच कोसळलं. वडिलांसमोर ती लग्नात रडली होती, त्यानंतर आत्ताच.

"ते तुमच्यासाठी आलं होतं, बाबा. तुम्ही इथे उपाशी, नाकात नळी घालून, आणि आम्ही आत दार लावून..." मग तिने राहिलेलंही एकदम सांगून टाकलं. "मागच्या आठवड्यात तुम्ही हाक मारली होती. मी ऐकली होती. ऐकूनसुद्धा आले नाही मी."

"माहीत... आहे."

"मग परत का नाही मारलीत? एकदा जोरात मारायची. मी आले असते."

बाबांनी एकेक शब्द जुळवला.

"तू... खात होतीस," ते म्हणाले.

खारू दारात येऊन उभी होती. तिच्या हाताला मैदा लागला होता. तिच्याकडे बघून बाबांचा चेहरा एका बाजूने हसला, कारण दुसरी बाजू आता हसत नसे.

"कर," ते तिला म्हणाले. "दार... उघडं ठेव. इथे... आण."

"आजोबा, तुम्हाला त्रास होईल."

"नाही." त्यांनी दम घेतला. आयुष्यभर ते सिनेमाच्या थिएटरात दारावर उभे राहिले होते, बॅटरी दाखवून लोकांना खुर्च्यांवर बसवायचं काम. "सिनेमा... कुठे बघितला मी? पडद्याकडे... पाठ. लोकांची... तोंडं बघायचो. कोण हसलं... कोण रडलं. तेवढंच... बास व्हायचं."

"मला नाही जमणार," ताई म्हणाली. "तुमच्यासमोर माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

"उतरेल," बाबा म्हणाले. यावर वाद नव्हता.

मग पीठ घोटलं गेलं. गोळा निवेपर्यंत खारूने साखरेत दालचिनी मिसळली. कात्रीचा आवाज येत राहिला, वास स्वयंपाकघरातून निघून बाबांच्या खोलीत आला, आणि यंत्र आज पुरतं वाजून थांबलं. खारू ताटली घेऊन आली आणि कोणाकडे न बघता ती तिने पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली. बाबांनी दोघींना बसायची खूण केली. खारूला कोपऱ्यातली खुर्ची, ताईला अगदी समोरची.

खारूने एक तुकडा दोन्ही हातांत धरला आणि कडेने कुरतडला. तिला जमलं. पोरंच ती, त्यांना जमतं. बाबांची नजर मात्र ताईवर होती.

ताईने तुकडा उचलला. बोटांना चटका बसला तो बरा वाटला. तिने तो तोंडात घातला आणि चावला, तेव्हा त्याचा कुरकुर आवाज त्या लहानशा खोलीत केवढातरी मोठा झाला. आत मऊ होतं, लोणी होतं, साखर जिभेवर विरघळत होती. चव तशीच छान लागत होती आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. ती चावत राहिली. बाबा तिच्या तोंडाकडे एकटक बघत होते, पापणीसुद्धा न हलवता. शेवटी तिने मनाचा हिय्या केला आणि घास गिळला. बाबांच्या गळ्यातली गाठही वर गेली आणि खाली आली. मग त्यांना बारीकसा खोकला आला. ओठांच्या पडलेल्या कोपऱ्यातून लाळेची एक धार हनुवटीकडे निघाली.

ताई नॅपकिन घेऊन पुढे झुकली. बाबांनी डाव्या हाताने तिचा हात बाजूला केला. नॅपकिन स्वतः घेतला, वेळ लावून तोंड पुसलं आणि एका हाताने जमेल तशी त्याची घडी करून छातीवर ठेवली.

"आता दुसरा," ते म्हणाले.